रानातल्या ओढ्यासाठी सरकारी मदत घेताय? या चुका टाळा

पेन्सिल्व्हेनियात आमचं अठरा एकर रान आहे. त्यातून वाहणारा ओढा पुढे सस्क्वेहॅना नदीला आणि तिच्यातून चेसापीक उपसागराला मिळतो. ओढ्याकाठी झाडं लावायला किंवा रानातल्या रस्त्याची धूप थांबवायला अमेरिकेचं कृषी खातं 'इक्विप' योजनेतून खर्चाचा वाटा उचलतं. साधारणपणे ७५ टक्क्यांपर्यंत. पण अर्ज केला की काम सुरू, असं इथे चालत नाही.

करारावर सही होण्याआधी काम सुरू केलंत, की त्या कामाचे पैसे गेले. आमच्या शेजाऱ्याने मार्चमध्येच जेसीबी बोलावून रस्त्याखालची मोरी बदलली. करार जूनमध्ये झाला आणि मोरीचा सगळा खर्च त्याच्या अंगावर पडला. पावसाळ्याआधी बांध घालून टाकायची आपली सवय इथे नडते. थांबणं शक्यच नसेल तर कराराआधी काम सुरू करायची लेखी सूट आधी मागा.

कागदांत मी स्वतः अडकलो. 'आम्ही काही पिकवत नाही, मग फार्म नंबर कशाला?' असं म्हणून मी फार्म सर्व्हिस एजन्सीकडे, म्हणजे जमिनीची नोंद करून हा नंबर देणाऱ्या कृषी खात्याच्याच कार्यालयाकडे, गेलोच नाही. नुसतं रान असलं तरी तो नंबर लागतोच. शिवाय जमीन दोघांच्या नावावर आणि अर्ज माझ्या एकट्याचा! तो परत आला, आणि तोवर त्या वर्षीची छाननीची तारीख उलटून गेली. अर्ज वर्षभर घेतात, निवड मात्र ठरावीक तारखांनाच होते.

कंत्राटदाराचं बिल दाखवून त्याचे ७५ टक्के मागू नका. पैसे ठरलेल्या दरपत्रकानुसार मिळतात: इतक्या एकराचे इतके, इतक्या फुटांचे इतके. काम महागात पडलं तर वरचा फरक तुमचा. आणि हे पैसे मिळतात ते काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर, म्हणजे आधी खिशात पैसे हवेत.

सगळ्यात जास्त पैसे मातीत जातात ते रोपांच्या नळ्यांत. ओढ्याच्या काठावर झाडांचा किमान ३५ फूट रुंदीचा पट्टा लागतो. त्यात ओक, मेपल, सायकॅमोरची रोपं प्लास्टिकच्या उभ्या नळ्यांत लावतात. लावून फोटो काढले की बरेच जण तिकडे फिरकत नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यात मी एका नळीत वाकून पाहिलं, तर आत रोपापेक्षा गवत उंच आणि वर गांधीलमाशांचं पोळं. हिवाळ्यात उंदरासारखे व्होल त्या गवतात घर करतात आणि बुंध्याची साल गोल कुरतडतात. झाड मेलंय हे मेमध्येच कळतं. नळीची खालची कड मातीत दाबा, भोवती तीन फूट गवत ठेवू नका. पक्षी आत अडकू नयेत म्हणून तोंडावर जाळी असते. शेंडा तिथे पोहोचला की ती काढा, नाहीतर तो वाकडा वाढतो. नळीला आधार देणाऱ्या खुंट्या कुजल्या असतील तर त्याही बदला. हा पट्टा १५ वर्षं राखायचा असतो.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला, सरकारकडून किती पैसे मिळाले ते दाखवणारा १०९९-जी हा कराचा फॉर्म येतो. तो सीएला देताना प्राप्तिकर कायद्यातल्या कलम १२६ची आठवण करून द्या. अशा मदतीचा काही भाग उत्पन्नातून वगळता येतो, पण आमच्या सीएने हे कलम आधी कधी ऐकलंच नव्हतं.