कॉफी मशीन खालून गळतंय? आधी पेपर अंथरा

रोज सकाळी ओट्यावर पाण्याचं तळं आणि रिपेरवाला नुसतं बघायचेच पैसे मागतोय, तर आधी घरीच बघा. ड्रिप ट्रे, म्हणजे कपाखालचा ट्रे, भरून सांडत नाही ना? हसू नका, पहिल्यांदा माझं तेच होतं.

१. प्लग काढा, गार होऊ द्या, कोरडं पुसून मशीनखाली जुना पेपर घाला.

२. टाकी भरून लावा, मशीन बंदच, अर्धा तास थांबा. टाकीखाली पेपर भिजला तर वॉल्व्हची रिंग गेली नाहीतर टाकीला बारीक तडा.

३. कोरडाच राहिला तर चालू करून 1 कप काढा. कॉफी पावडर भरतो त्या हँडलच्या कडेनं थेंब आले की ते जिथं अडकतं तिथलं वरचं रबर गेलं. आमचं हेच, चोथा बसून पार कडक झालेलं, टूथब्रशनं घासलं तरी थांबेना, मग स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलं आणि तेच खिशात घालून उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, गेलो, मापाचं मिळालं. फक्त फूड ग्रेड सिलिकॉनचंच मागा, गाडीचं काळं ऑइल सील नको.

पेपर मधोमध भिजला तर आतली पाइप, ती मेकॅनिककडंच द्या.

आणि कॉफी पडत असताना हँडल अजिबात फिरवू नका, प्रेशरनं उकळता चोथा हातावर उडतो.