ड्रायर बिघडला नाहीये, त्याचा श्वास कोंडलाय: व्हेंट साफ करताना या चुका टाळा

इथे न्यू जर्सीत थंडी सुरू झाली की मला ठरलेले फोन येतात. "अरे, ड्रायर गेला बहुतेक. टॉवेल दोनदा फिरवले तरी दमटच." मी विचारतो, "बाहेर जाऊन झडप उघडतेय का पाहिलंस?" पलीकडे शांतता. ड्रायरची गरम हवा भिंतीतल्या चार इंची नळीतून घराबाहेर जाते, तिथे एक झडप असते आणि मशीन चालू असताना ती सताड उघडायला हवी, हे कित्येकांच्या गावीही नसतं. घर घेताना ओट्याचा ग्रॅनाइट तीनदा जाऊन बघतात, ही झडप मात्र एकदाही नाही.

"पण मी लिंटची जाळी दर वेळी साफ करतो की!" लिंट म्हणजे कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू. जाळी साफ करायलाच हवी. पण बारीक लिंट जाळीतूनही निसटतं आणि नळीत जाऊन बसतं. शिवाय कपडे मऊ व्हावेत म्हणून ड्रायरमध्ये टाकायचे सुगंधी कागद (ड्रायर शीट) वापरत असाल तर जाळीवर न दिसणारा मेणचट थर चढतो. जाळी नळाखाली धरा. पाणी वरच साचून राहिलं, तर साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा.

आता माझी स्वतःची फजिती. आमच्या टाउनहाउसमध्ये ड्रायर वरच्या मजल्यावर आहे आणि नळी गॅरेजच्या छतातून आडवी बाहेर जाते. पहिल्यांदा साफ करायला मी एकमेकांत फिरवून बसणाऱ्या काड्यांचा ब्रश आणला, ड्रिलला जोडला आणि सोडला आत. सुरुवात झकास झाली. लिंटचे गठ्ठे बाहेर येऊ लागले, थरावर थर: राखाडी, मध्येच नव्या पंचाचा जांभळा पट्टा, खाली मुलांच्या लाल ब्लँकेटचा. घरातली तीन-चार वर्षं त्यात वाचता आली असती. मग नळीच्या वळणावर ब्रश अडकला. मी काय करावं? अडकलेला स्क्रू सोडवतात तसं ड्रिल रिव्हर्सला टाकलं. ड्रिल लगेच मोकळं झालं, कारण काड्यांचे आटेच सुटले होते! दोन काड्या माझ्या हातात, बाकीच्या चार आणि ब्रश नळीत.

बाहेरून हँगरचा आकडा करून ओढलं, आतून व्हॅक्यूम लावला, देवाला नारळही बोललो. शेवटी गॅरेजचं छत चौकोनी कापून नळीचा सांधा उघडावा लागला. तेव्हा खरं कारण सापडलं. नळी बसवणाऱ्याने सांधे लांब स्क्रूंनी जोडले होते, त्यांची टोकं आत आली होती, आणि प्रत्येक टोकाला लिंटची दाढी. त्यातच ब्रश गुंतला होता. छताला ठिगळ लावून रंग मारलाय, पण गाडीतून उतरलं की नजर तिथेच जाते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. ड्रिल कायम घड्याळाच्या दिशेनेच, ब्रश बाहेर काढतानासुद्धा. वेग अगदी कमी. प्रत्येक जोडावर टेपचा एक वेढा, आणि रिव्हर्सच्या बटणावरही टेप. हसा खुशाल. ब्रश अडला तर जोर लावायचा नाही, फिरवत थोडा मागे घ्यायचा. "पाच मिनिटांत उरकतो" म्हणणाऱ्यांनी या कामाला हात लावू नये.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे फ्यूज बदलत बसणं. एका मित्राचा ड्रायर गरम होईना. व्हिडिओ बघून त्याने थर्मल फ्यूज बदलला. महिन्याभरात तोही उडाला. आणखी एक आणला, तोही गेला. मग पठ्ठ्या म्हणतो, "फ्यूजला बगल देऊन वायर थेट जोडू का?" मी फोनवरच ओरडलो. हवा कोंडून मशीन प्रमाणाबाहेर तापलं की उडायचं, हेच तर त्या फ्यूजचं काम! जाऊन पाहिलं तर जागा वाचवायला मशीन भिंतीला इतकं चिकटवलेलं, की मागच्या चंदेरी फॉइलच्या नळीचा पापड झाला होता. ती चुरगळणारी नळी काढून टाका. प्लास्टिकची असेल तर आजच. तिथे धातूची घट्ट नळी लावा आणि मागे हाताची वीतभर तरी जागा सोडा.

बाकीचं थोडक्यात. सांध्यांना कापडी डक्ट टेप नको, उष्णतेने सुटते. फॉइलची टेप वापरा. पक्षी शिरू नयेत म्हणून बाहेर बारीक जाळी ठोकू नका, दोन महिन्यांत तिच्यावर लिंटची गोधडी तयार होते. नळी ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोकळीत, सोडून देऊ नका. लीफ ब्लोअरने (पानं उडवायच्या यंत्राने) नळीत जोरात हवा मारायची युक्ती मला पसंत नाही. सांधा सैल असेल तर सगळा कचरा भिंतीत जातो. नळी छतावरून निघत असेल तर माणूस बोलवा, बर्फात शिडी लावू नका. आणि प्लग काढल्याशिवाय मशीन ओढू नका. गॅसचा ड्रायर असेल तर आधी व्हॉल्व्ह बंद करा आणि पाइपला हिसका बसू देऊ नका. त्याची नळी तुंबली तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, तेव्हा अलार्म हवाच.

एक खास आपल्या घरांसाठी: दिवाळीच्या अभ्यंगाचे तेलकट पंचे ड्रायरमध्ये टाकू नका, धुतले असले तरी. कापडात राहिलेलं तेल उष्णतेने आपोआप तापत जातं आणि गरम ढिगात पेटूही शकतं. दोरीवर वाळवा.

हे सगळं अतिरेकी वाटत असेल तर अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाचे २००८ ते २०१० चे आकडे बघा: घरगुती ड्रायरच्या वर्षाला सुमारे २,९०० आगी, सर्वाधिक जानेवारीत. कारणांत पहिला नंबर साफसफाई न करण्याचा, ३४ टक्के.

मी वर्षातून एकदा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हे काम करतो. सगळं जोडून झालं की मशीन दहा मिनिटं रिकामं चालवायचं आणि बाहेर जाऊन झडपेसमोर हात धरायचा. पहिल्या झोतात उरलंसुरलं लिंट उडून झुडपावर बसतं, म्हणून जाताना झाडू सोबत घ्या.