‘मगाशीच जेवलो’: ५ सेकंदांच्या शॉटमध्ये अ‍ॅक्टिंग कशी आणायची

अ‍ॅनिमेशनमधला माझा पहिला डायलॉग शॉट अजून हार्ड डिस्कवर पडलाय, उघडायची हिंमत होत नाही. त्यात कॅरेक्टर ‘मी’ म्हणालं की छातीवर हात, ‘तू’ म्हणालं की समोर बोट, ‘तिकडे’ म्हणालं की हात तिकडे, एका सीनियरने बघितलं आणि एवढंच विचारलं की हा बोलतोय का ट्रॅफिक सोडवतोय. बाउन्सिंग बॉल (उड्या मारणारा चेंडू) झालेला, वॉक सायकल (चालणं) झालेली, म्हणजे सुरुवातीचे सराव झालेले, डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली मांडलेली अ‍ॅनिमेशनची ती १२ तत्त्वंपण तोंडपाठ, पण मी शब्द अ‍ॅनिमेट करत होतो, बोलणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय त्याचा पत्ताच नव्हता.

तर एकच शॉट घेऊ आणि तोच शेवटपर्यंत करू. पुण्यात खोली घेऊन राहणारा पोरगा, रात्रीचे दहा, मेसचा डबा आज आलाच नाही, आईचा फोन. ती विचारते जेवलास का, तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, आणि हा म्हणतो “हो गं आई, मगाशीच जेवलो.” ५ सेकंद, सेकंदाला २४ फ्रेमच्या स्पीडने १२० फ्रेम. रिग (हलवायचे कंट्रोल्स लावलेलं तयार थ्रीडी कॅरेक्टर) कुठलाही चालेल, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवाल्या ब्लेंडर स्टुडिओचा रेन नावाचा रिग फुकट आहे आणि चेहऱ्याचे कंट्रोल्स चांगले आहेत, फक्त रिग शोधण्यात दोन आठवडे घालवू नका (मी घालवलेत).

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कागदावर लिहा की ह्याला काय हवंय, तो काय लपवतोय आणि नक्की कुठल्या क्षणाला त्याचा विचार बदलतो. आपल्या पोराला आईने काळजी करू नये असं वाटतंय, पोटात कावळे ओरडतायत ते तो लपवतोय, आणि विचार दोनदा बदलतो: एकदा प्रश्न ऐकल्यावर ‘खरं सांगू का’ असा, आणि दुसऱ्यांदा खोटं बोलून झाल्यावर. म्हणजे शॉटमधल्या दोन्ही महत्त्वाच्या जागा डायलॉगच्या बाहेर आहेत! नवीन माणूस सगळी मेहनत डायलॉगवर करतो आणि आधीचे-नंतरचे फ्रेम नुसते भरून काढतो, तिथेच शॉट मरतो.

आता मोबाईल टेकवून स्वतःचा व्हिडिओ काढा. लाज वाटते, दार लावून घ्या. पहिले चार-पाच टेक फेकून द्यायचेच, कारण त्यात आपण गॅदरिंगमधल्या नाटकासारखे हातवारे करत असतो, दहाव्या टेकच्या आसपास कंटाळा येतो आणि मग शरीर जरा खरं वागायला लागतं. फोन खरंच कानाला लावा, बसायचं तर पलंगाच्या कडेवरच बसा, खुर्चीत पाठीचा बाक वेगळा येतो. एक टेक्निकल गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती, मोबाईल बहुतेक वेळा ३० फ्रेमने शूट करतो आणि आपला सीन २४ चा असतो, तो व्हिडिओ इमेज सीक्वेन्स (प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र) करून तसाच आणला की ५ सेकंदांचे १५० फ्रेम सव्वासहा सेकंद चालतात आणि आपण विचार करत बसतो की सगळं इतकं संथ का दिसतंय, त्यामुळे आधी २४ ला कन्व्हर्ट करा. आणि रेफरन्स, म्हणजे हा व्हिडिओ, ट्रेस करायचा नसतो. त्यातली वजन बदलायची जागा, श्वास, नजर कधी हलली, एवढंच टिपायचं आणि पोझ स्वतः जरा वाढवून काढायच्या, ट्रेस केलेला शॉट कसा कोण जाणे मिळमिळीत होतो.

ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे नुसत्या पोझ बसवायच्या पहिल्या टप्प्यात, चार-पाच मुख्य पोझ पुरे, इंटरपोलेशन स्टेप्ड ठेवा, म्हणजे मधली हालचाल न भरता एका पोझवरून थेट दुसरीवर उडी (ब्लेंडरमध्ये त्याला कॉन्स्टंट म्हणतात). इथे चेहऱ्याला हातच लावू नका. पोझ झाल्या की कॅरेक्टरचं डोकं हाइड करून बघा, नुसत्या धडावरून मूड कळतोय का? कळत नसेल तर भुवया कितीही वर-खाली केल्या तरी उपयोग नाही. डिस्नेमध्ये अर्धवट भरलेल्या पिठाच्या पोत्याची ड्रॉइंग करायचा जुना सराव आहे, त्याला ना तोंड ना हात, तरी ते खूश दिसलं पाहिजे, रुसलेलं दिसलं पाहिजे, दोन-तीन दिवस तेवढंच केलंत तरी पाठीचा कणा किती बोलतो ते कळेल. आपल्या पोराचं म्हणाल तर ऐकताना पाठ वाकलेली, खोटं बोलताना तो जरा ताठ होतो (आई बघत नाहीये तरी!), आणि नंतर आधीपेक्षाही थोडा जास्त खचतो. दोन्ही खांदे आणि दोन्ही हात आरशातल्यासारखे सारखे ठेवू नका, ज्या बाजूला फोन आहे तो खांदा वर, वजन एका कुल्ल्यावर.

मग डोळे. इथे वेळ घाला, मी अर्धा वेळ इथेच घालतो. माझी टाइमिंग अशी होती: फ्रेम १ ते २६ तो ऐकतोय, नजर जमिनीवर कुठेतरी सैल. २६ ला प्रश्न पोचतो, आणि इथे काहीच हलत नाही, आधी जी बारीक हालचाल चालू होती तीसुद्धा जवळजवळ थांबते, कारण माणूस अडकला की आधी थांबतो. २९ ला नजर टेबलावर जिथे डबा असायचा त्या रिकाम्या जागेकडे, ही झेप फक्त २ फ्रेमची, डोळे उडी मारतात, सरकत नाहीत. तिथे दहाएक फ्रेम होल्ड, म्हणजे तशीच थांबू दे. मग पापणी, खाली यायला २-३ फ्रेम, बंद १-२, उघडायला ३-४, आणि त्या पापणीच्या आडच त्याचा निर्णय होतो. नवीन लोक दर दोन सेकंदांनी घड्याळ लावल्यासारखी पापणी मिटवतात, तसं नको, विचार बदलतो तिथे किंवा मान मोठी वळते तिथे मिटवा. मान वळवायची असेल तर नजर आधी, मान ३-४ फ्रेम नंतर, छाती त्याच्याही मागून. ४० ते ४८ मध्ये श्वास आत, छाती आणि खांदे थोडे वर, कारण श्वास न घेता कोणी बोलत नाही.

डायलॉग ४८ ते ८४. लिपसिंकला (आवाजाबरोबर ओठ हलवायला) लोक उगाच घाबरतात, प्रत्येक अक्षराला शेप द्यायचाच नसतो. या वाक्यात ओठ पूर्ण मिटतात असं एकच अक्षर आहे, ‘मगाशीच’ मधला म. तो मिस झाला तर सगळं खोटं दिसतं, म्हणून त्याला किमान २ फ्रेम बंद ओठ द्या आणि आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधीच द्या. बाकी ‘हो’ आणि ‘लो’ ला ओठांचा गोल, ‘आई’ ला जबडा उघडून मग कोपरे बाजूला, ‘व’ ला खालचा ओठ दातांकडे जरासा, संपलं.

हातवारे? या अख्ख्या वाक्यात मानेचा एक झटका पुरे, आणि तो कुठे द्यायचा हे आपली भाषाच सांगते. ‘मगाशी जेवलो’ म्हणाला असता तर ती नुसती माहिती, ‘मगाशीच’ म्हणाला म्हणजे तो पटवून देतोय, सगळं खोटं त्या ‘च’ मध्ये आहे. मान त्या ‘च’ च्या २-३ फ्रेम आधी हलू दे. दुसरा हात मांडीवर, बोटं चार्जरच्या वायरशी चाळा करतायत, ही तुमची सेकंडरी, म्हणजे मुख्य हालचालीच्या जोडीची, अ‍ॅक्शन, पण विचार बदलतो तेव्हा तो चाळासुद्धा थांबला पाहिजे, नाहीतर प्रेक्षक बोटंच बघत बसतील.

बोलताना तो हसतो, कारण हसू आवाजात ऐकू जातं हे त्याला माहितीये. हे हसू मुद्दाम आणलेलं दिसायला हवं. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ सालीच लिहून ठेवलंय की खऱ्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायूपण आवळतो. म्हणून इथे फक्त ओठांचे कोपरे वर घ्या, खालच्या पापण्या आणि गाल आहेत तिथेच सोडा, आणि भुवयांची आतली टोकं किंचित वर. किंचित म्हणजे किंचितच, नाहीतर एकदम टीव्ही सिरियल.

८४ नंतर घाई करू नका. आई पलीकडे काहीतरी बोलतेय, हसू एकदम पुसायचं नाही, ते १५-२० फ्रेममध्ये उतरू दे, पण दोन्ही कोपरे एकाच वेळी नको. नजर परत टेबलाकडे. शेवटच्या होल्डमध्ये कॅरेक्टर दगड होऊ देऊ नका, थ्रीडीमध्ये पूर्ण थांबलेलं शरीर मेल्यासारखं दिसतं, पोझ तीच ठेवून छाती-डोकं अगदी थोडं सरकत राहू दे, यालाच मूव्हिंग होल्ड म्हणतात.

स्प्लाइन केलं, म्हणजे पोझमधली हालचाल कॉम्प्युटरला भरायला दिली, की मात्र बोंब होते, ब्लॉकिंगमध्ये जिवंत वाटणारा शॉट पाण्याखाली चालल्यासारखा तरंगायला लागतो, हे सगळ्यांचं होतं, रडू नका. कारण एवढंच असतं की दोन लांबच्या कीजमधलं (आपण टाइमलाइनवर लावलेल्या पोझमधलं) अंतर कॉम्प्युटर सारखं वाटून टाकतो. त्यामुळे स्प्लाइन करायच्या आधी होल्डच्या दोन्ही टोकांना कीज टाका, पोझमधून पोझमध्ये जाताना ब्रेकडाउन (मधली पोझ) ठेवा, आणि ग्राफ एडिटरमध्ये (जिथे हालचाली रेषांमध्ये दिसतात) कंबरेपासून सुरू करून वर जा, चेहरा सगळ्यात शेवटी.

दाखवताना ‘कसं झालंय’ विचारू नका, सगळे छानच म्हणतात. आवाज बंद करून दाखवा आणि विचारा, हा काय विचार करतोय? अ‍ॅनिमेशनमधलं काही न कळणारा माणूस याला सगळ्यात चांगला, मी वहिनीला दाखवला तेव्हा ती म्हणाली “ह्याला कोणीतरी ओरडतंय फोनवर”, म्हणजे २६ ते ४० परत करायला लागलं. भुवया जास्त वर गेल्या होत्या, भीती दिसत होती.

हा शॉट झाला की नवीन ऑडिओ शोधू नका. हेच वाक्य, हाच रिग, फक्त आता तो खरंच जेवलाय आणि आईने आज तिसऱ्यांदा विचारलंय.