भाऊबीजेच्या रात्रीचं रोडग्याचं जेवण: या चुका टाळा, म्हणजे रांधणारीलाही गरम खायला भेटेल

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, दर्यापूरकडलं. भाऊबीजेला घरात वीस-बावीस माणूस असतं, तिन्ही नणंदा, त्यांचे मालक, पोरंसोरं, पुण्याहून आलेला दीर आणि जाऊ, मामाजी (सासरे), सासूबाई. मी माझ्या भावाला दुसऱ्या दिवशी ओवाळते, ते लग्न झालं तेव्हापासूनच ठरलेलं आहे.

सुरुवातीची काही वर्षं मी भाऊबीजेला सगळंच करायची. पुरणपोळी, वडाभात, कढी, धोप्याच्या (अळूच्या) वड्या, दोन भाज्या, भजे, खीर. एका वर्षी तीन पंगती उठल्या आणि रात्री साडेअकराला सासूबाई, जाऊ आणि मी अशा तिघी बसलो तर वडे संपलेले, कढी गार होऊन घट्ट झालेली, पोळ्या वातड. सासूबाईंनी काहीच म्हटलं नाही, थंड भातात मही (ताक) कालवलं आणि चार घास खाऊन उठल्या. दिवसभर चुलीपुढे बसलेली सत्तरीची बाई, तिच्याच लेकी तिला भेटायला आलेल्या आणि तिच्या ताटात हे. मला ते फार लागलं. तेव्हापासून भाऊबीजेच्या रात्री आमच्याकडे फक्त रोडगे, म्हणजे गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. त्यातही चुका झाल्या, पण त्या दुरुस्त होण्यासारख्या होत्या म्हणून लिहून राहिली.

पहिली चूक, पदार्थांची लाईन लावणं

दिवाळीचे चार दिवस सगळे चिवडा, चकल्या, अनारसे, करंज्या खाऊन बसलेले असतात. पाचव्या दिवशी कोणालाच गोड नको असतं, आणि आपण मात्र लोक काय म्हणतील म्हणून पुरण शिजवतो. चार गोष्टी पुरतात: रोडगे, तुरीचं वरण, वांग्या-आलूची भाजी आणि थोडा भात. बाजूला मिरचीचा ठेचा, कांदा, मुळा. गोड पाहिजेच असेल तर गरम रोडगा कुस्करा, त्यात गूळ आणि तूप घाला, झाला चुरमा. पोरं तोच सगळ्यात आवडीनं खातात.

रोडग्याचा मोठा फायदा म्हणजे तो आंगणात होतो. आत स्वयंपाकघरात दोन बाया अडकून पडत नाहीत, भाटवे (नणंदांचे मालक), दीर, पोरं सगळे विस्तवाभोवती येऊन बसतात आणि न सांगता कामाला लागतात. आमचे मोठे भाटवे घरी पाणीसुद्धा हातानं घेत नाहीत असं नणंद सांगते, पण रोडगे उलटवायला चिमटा घेऊन तेच पहिले बसतात.

वीस माणसं, त्यात पाच-सहा लहान पोरं, असा माझा हिशोब सांगते: जाडसर कणिक साडेतीन ते चार किलो (चाळीसेक रोडगे होतात), तुरीची डाळ सव्वा किलो, वांगी तीन किलो, आलू एक किलो, तांदूळ एकच किलो कारण रोडग्यावर भात कमी जातो. तूप मात्र मोजू नका.

कणिक बारीक असली की रोडगा चामट होतो

ही चूक बहुतेक घरी होते, पोळ्यांच्याच पिठाचे रोडगे करतात. गिरणीवाल्याला आधीच सांगून गहू रवाळ दळून आणायचा. दिवाळीत गिरणीवर गर्दी असते आणि लाईटचाही भरवसा नाही, म्हणून चार दिवस आधी जा. दळण राहूनच गेलं असेल तर घरच्या पिठात चौथा हिस्सा जाड रवा मिसळा, चालतं. मीठ, ओवा आणि मूठ वळली की टिकेल एवढं तेलाचं मोहन. पीठ घट्ट भिजवा, पोळीपेक्षा बरंच घट्ट, आणि अर्धा तास झाकून ठेवा. सैल झालं तर कोरडं पीठ लावत बसू नका, रवा टाका आणि अजून पंधरा मिनिटं ठेवा, रवा पाणी ओढून घेतो.

पानरोडगे करायचे तर तीन छोट्या पुऱ्या लाटून मधे तेल लावून एकावर एक ठेवायच्या आणि थोड्या मोठ्या चौथ्या पुरीत गुंडाळून तोंड बंद करायचं. तोंड नीट बंद नसलं की राख आत जाते. आकार लिंबापेक्षा मोठा आणि मुठीपेक्षा लहान ठेवा. मोठे केले की लवकर होतील असं वाटतं आणि तेच आतून कच्चे राहतात.

विस्तव, इथेच सगळं बिघडतं

रोडगे कच्चे राहिले की लोक कणकेला दोष देतात, पण दहातल्या आठ वेळा चूक विस्तवाची असते. सगळ्यात मोठी घाई म्हणजे जाळ चालू असतानाच रोडगे टाकणं. जाळानं वरचं साल पाच मिनिटात काळं पडतं आणि आत पीठ तसंच. गवऱ्या रचून पेटवा, पूर्ण पेटू द्या, धूर जाऊ द्या, जाळ बसू द्या, वर पांढरी राख दिसायला लागली आणि खाली लाल निखारा राहिला की मगच रोडगे लावायचे. याला अर्धा-पाऊण तास जातो, तेवढा आधीच धरून चाला. मग रोडगे निखाऱ्यावर ठेवा, पाच-सात मिनिटांनी उलटवा, सगळीकडून साल धरलं की गरम राखेत झाकून टाका आणि वीस-पंचवीस मिनिटं हात लावू नका. एक काढून फोडून पाहा, पापुद्रे सुटून आले आणि आत ओलं पीठ चिकटलं नाही म्हणजे झाले.

सरपणाचंही एक सांगते. पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या (कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या) घरोघरी असतात म्हणून त्याच पेटवल्या जातात, पण त्या भर्रकन जळतात, निखारा राहत नाही. पेटवायला चार काड्या ठीक, पण रोडगे त्यांच्या निखाऱ्यात नका टाकू. माझं तर म्हणणं आहे की पऱ्हाटीवर वर्षभर फवारे झालेले असतात, तिच्या राखेत खायची वस्तू ठेवूच नये. गवऱ्या नसतील तर बाभळीचं लाकूड घ्या, निखारा चांगला धरतं. रंग लावलेल्या जुन्या दाराच्या फळ्या, प्लास्टिक, खताच्या पिशव्या, यातलं काही विस्तवात जाऊ देऊ नका, पोरांना तसं आधीच बजावून ठेवा.

गवऱ्या ओल्या असतील तर धूरच धूर होतो आणि रोडग्याला कडवट वास लागतो. दिवाळीच्या आधी दोन पाऊस येऊन जातात हे आपल्याला माहीत आहे, तर गवऱ्या दोन दिवस उन्हात टाका.

आणि जागा! या दिवसात घरात कापूस भरलेला असतो, आंगणाच्या कडेला सोयाबीनचं कुटार (भुसा) असतं, गोठ्यावर कडबा. एक ठिणगी पुरते. वाऱ्याची दिशा पाहून, कुटारापासून लांब, मोकळ्या मातीवर विस्तव करा आणि बाजूला पाण्याचे दोन गुंड (घागरी) भरून ठेवा. पोरांना चपला घालायला लावा, राखेखालचा निखारा दिसत नाही.

इतकं करूनही रोडगे आतून कच्चे निघाले तर घाबरू नका. मधातून दोन भाग करा, जाड तव्यावर थोडं तेल सोडून कापलेली बाजू खाली ठेवा, झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं. खरपूस होतात आणि पाहुण्यांना कळतही नाही. बाहेरून जळले असतील तर काळं साल काढून टाका आणि आतलं कुस्करून चुरम्याला घ्या.

डाळ शिजतच नाही

आमच्याकडे पूर्णेच्या काठचा सगळा खारपाणपट्टा (जमिनीखालचं पाणी खारं असलेला भाग), अमरावती, अकोला, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यात पसरलेला. इथल्या बोअरच्या पाण्यात डाळ टाकली की चार शिट्ट्या होऊन दाणा तसाच उभा. पुण्याची जाऊ पहिल्या वर्षी म्हणाली, "वहिनी, डाळ जुनी आहे का?" डाळ घरचीच होती, नवीन होती. पाणी जड असलं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं की डाळ मऊ होत नाही. डाळ दोन तास आधी भिजवा, शिजवायला नळाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा आणि चिंच, भेदरं (टमाटे) असं काहीही आंबट डाळ पूर्ण शिजल्याशिवाय टाकू नका, आंबटानंही डाळ अडते. काहीच इलाज नसेल तर किलोभर डाळीला पाव चमचा खायचा सोडा, त्याच्यावर नाही, नाहीतर साबणासारखी चव येते.

वरण घालायला आजीचा पितळेचा गंज (पातेलं) माळ्यावरून काढला असेल तर आत कल्हई आहे का ते पाहून घ्या. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो आणि पोटाला त्रास होतो. शंका असली तर स्टीलचाच गंज बरा.

मीठ एकाच माणसानं टाकायचं

माणसं जास्त आणि सगळ्याच सुगरणी, मग काय होतं, एक नणंद येऊन चिमूट टाकते, दुसरी चाखून म्हणते कमीच आहे वं, आणि तिसरी मी मघाशीच टाकलं म्हणून सांगायच्या आत अजून एक मूठ पडते. आमच्याकडे आता ठरलेलं आहे, मीठ सासूबाई टाकतील. त्यांनी टाकलं की डबा झाकून त्यांच्याजवळ.

तरी भाजी खारट झालीच तर त्यात आलू किंवा कणकेचा गोळा टाकून ठेवा असं सगळे सांगतात. मी करून पाहिलं आहे. आलू खारट पाणी ओढतो हे खरं, पण राहिलेला रस्सा तेवढाच खारट असतो. मीठ कमी करायचा एकच रस्ता, बिनमिठाचा माल वाढवा. शिजलेले आलू कुस्करून टाका, शेंगदाण्याचं कूट टाका, गरम पाणी टाका आणि उकळी आणा. वरण खारट झालं तर थोडी डाळ बिनमिठाची वेगळी शिजवून मिसळा. म्हणून मी नेहमी वाटीभर डाळ जास्तीची शिजवून बाजूला ठेवते.

तिखटाचं तसंच. आपल्याला तर्री पाहिजे, पण शहरातल्या पोरांच्या डोळ्यात पाणी येतं. तिखट टाकायच्या आधी पोरांपुरती भाजी छोट्या गंजात काढून घ्या, एका मिनिटाचं काम आहे. सगळीच जहाल झाली असेल तर पाणी ओतू नका, पाण्यानं भाजी पाणचट होते आणि जाळ आहे तोच राहतो. कूट घाला, वाढताना वरून दही द्या.

वांगी चिरून तशीच ठेवली की काळी पडतात, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा. सांबार (कोथिंबीर) शेवटी टाका. बाकी या भाजीत बिघडण्यासारखं काही नाही.

वेळ आणि किडे

या दिवसात सहाच्या आत सूर्य मावळतो आणि लाईट लावला की बारीक किड्यांचा पाऊस पडतो, सरळ वरणात. आम्ही दोन गोष्टी करतो. पंगतीपासून पंधरा-वीस फुटांवर एक पांढरा झगझगीत बल्ब लावतो, किडे तिकडे जातात, आणि पंगतीवर पिवळा मंद बल्ब, त्याच्याकडे किडे कमी येतात. गंजांवर झाकण पाहिजेच. लाईट गेली तर म्हणून चार्जिंगचा दिवा सकाळीच चार्जिंगला लावून ठेवा, सणाच्या दिवशी ऐनवेळी त्याची बॅटरी संपलेली असते.

सगळे आल्याशिवाय जेवायचं नाही, ही पण चूकच. पुण्याची गाडी दोन तास लेट आणि तोवर म्हातारे उपाशी. मामाजींना शुगर आहे. इन्सुलिन घेऊन जेवण लांबलं तर शुगर एकदम खाली जाते, घाम येतो, हातपाय थरथरतात. ज्याचं औषध जेवणाशी बांधलेलं आहे त्याला त्याच्या वेळेवर वाढा, आणि ताट हातात आल्यावरच इंजेक्शन घ्यायला सांगा. मागून येणाऱ्यांचे रोडगे गरम राखेत झाकून राहतात, तासभर तरी गरम असतात. पोळीला हे सुख नाही.

एकच पंगत

आधी माणसं, मग पोरं, मग बाया, ही पद्धत आम्ही मोडली. मोडायला दोन वर्षं लागली. पहिल्या वर्षी सासूबाई काही केल्या बसेनात, सराटा हातात धरून उभ्याच. मोठी नणंद म्हणाली, "माय, काऊन उभी हायेस वं, मी तुले भेटाले आली का तुह्या हातचं वाढून घ्याले?" तेव्हा बसल्या.

आता आंगणात गोल बसतो. मधात वरणाचा गंज, भाजीचा गंज, तुपाची बरणी आणि ज्याच्या जवळ जे आहे ते त्यानं पुढे द्यायचं. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण घेतो, म्हणजे नंतर वीस ताटं घासायला कोणी बसत नाही. थर्माकोलच्या प्लेटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि तसंही गरम वरण त्यात वाढू नये. रोडगे राखेतून काढून जुन्या सुती फडक्यात झटकायचं काम पोरांचं, वाढायचं काम दिराचं.

उरलेलं

भात उरला तर गंजात झाकून रात्रभर ठेवू नका. आपल्याला सवय आहे, सकाळी फोडणीचा भात होतो म्हणून. पण भातात असे जंतू असतात जे शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं विष फोडणी देऊनही जात नाही, मग उलट्या. भात परातीत पसरवून लवकर गार करा आणि तासा-दोन तासात फ्रिजमधे टाका. फ्रिज नसेल तर भात मोजकाच रांधा. वरणालाही रात्रभर बाहेर ठेवू नका.

रोडग्यांचं असं नाही, ते कोरडे असतात, सकाळपर्यंत चांगले राहतात. कुस्करून कांदा, मिरची, सांबार घालून फोडणी दिली की नणंदांच्या गाडीची वेळ व्हायच्या आत नाश्ता तयार. दोन-चार साबूत रोडगे मी फडक्यात बांधून त्यांच्या पिशवीत टाकते, सोबत तुपाची डबी.

आणि झोपायच्या आधी राखेवर पाणी टाका, काडीनं उकरून परत टाका. वरून थंड दिसली तरी गवरीची राख आतून सकाळपर्यंत जिवंत असते.