मेथीदाणे औषध म्हणून घेताना या चुका टाळा

आहारसल्ल्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाकडून मी पहिल्याच भेटीत एक प्रश्नावली भरून घेते. तिच्यातल्या ‘सध्या चालू असलेली औषधे’ या रकान्यात गोळ्यांची नावे, मात्रा आणि वेळा नेटक्या अक्षरात लिहिलेल्या असतात, पण मेथीचा उल्लेख जवळजवळ कधीच नसतो. रोज सकाळी दोन मोठे चमचे मेथी पोटात जाते, ही गोष्ट निघता निघता, पायांत चपला सरकवताना बाहेर येते. आणि आधी का नाही सांगितले असे विचारले, की ‘ती काय, स्वयंपाकघरातलीच वस्तू’ हे उत्तर ठरलेले असते. पदार्थात चवीपुरते पडणारे आठ-दहा दाणे ही स्वयंपाकघरातली वस्तू आहे, हे मला मान्य आहे. रोजचे वीस ग्रॅम दाणे ही मात्र औषधाची मात्रा झाली, आणि ती मात्रेसारखीच मोजून, नोंदवून आणि डॉक्टरांना सांगून घ्यायला हवी.

साखरेच्या गोळ्यांवर मेथीची भर

या चुकीवर मी सर्वांत जास्त बोलते, कारण ती मी फार जवळून पाहिली आहे. साठी ओलांडलेले एक गृहस्थ मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेत होते. त्यांनी कोणालाही न सांगता सकाळी उपाशीपोटी भिजवलेले मेथीदाणे सुरू केले, आठवड्याभरात साखरेचा आकडा थोडा उतरलेला दिसताच चमचे दुप्पट केले, आणि ‘मेथीने पोट भरल्यासारखे वाटते’ म्हणून न्याहारीही सोडून दिली. गोळी मात्र वेळेवर चालू होती. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्यांच्या पत्नीचा फोन आला: यांना दरदरून घाम सुटला आहे, बोलणे तुटक येते आहे आणि सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत. ग्लुकोमीटर लावायला सांगितला तर आकडा आला ५२, म्हणजे रक्तातली साखर फारच खाली उतरली होती. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले तेव्हा ७८ झाले होते, आणि मग त्यांना पोटभर खायला घालून डॉक्टरांकडे नेले.

दोष एकट्या मेथीचा नव्हता. न्याहारी चुकवणे हा त्यातला मोठा वाटेकरी होता. पण मेथी, गोळी आणि चुकलेली न्याहारी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. मेथीदाण्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा विद्राव्य तंतू भरपूर असतो. पाण्यात तो फुगून बुळबुळीत होतो, त्यामुळे जठर सावकाश रिकामे होते आणि अन्नातली साखर रक्तात हळूहळू उतरते. ग्लिमेपिराइडच्या जातीची गोळी मात्र पोटात अन्न आहे की नाही हे न पाहता स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवून घेते. इन्शुलिन तयार आणि साखर आलेलीच नाही, अशी गत होते. इन्शुलिनची इंजेक्शने घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे. मधुमेहाची केवळ मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांना तो बराच कमी असतो, पण म्हणून डॉक्टरांना न सांगण्याची मोकळीक मिळत नाही.

त्या गृहस्थांची गोळी डॉक्टरांनी कमी केली. मेथी आम्ही बंद केली नाही, ती एका लहान चमच्यावर आणून जेवणासोबत ठेवली. माझी स्वतःची सवय अशी, की ज्या आठवड्यात गोळीची मात्रा बदलली असेल त्या आठवड्यात मेथी सुरू करू द्यायची नाही, आणि सुरू करण्याआधीचे व नंतरचे दोन-दोन आठवडे उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहायला लावायची. ‘एवढे कोण लिहीत बसणार’ असे म्हणणाऱ्यांना मी मेथी सुचवतच नाही. मेथीचा परिणाम बेताचा असतो, तो आठवड्यांच्या हिशोबाने दिसतो, आणि ज्याला चौथ्या दिवशी चमत्कार हवा असतो तोच पाचव्या दिवशी चमचे वाढवतो.

पाणी पिऊन दाणे फेकणे

रात्रभर भिजवायचे, सकाळी ते पिवळसर पाणी श्रद्धेने प्यायचे आणि फुगलेले दाणे कडू लागतात म्हणून टाकून द्यायचे, हा प्रकार इतका रूढ आहे की त्याविरुद्ध बोलले की लोक माझ्याकडेच संशयाने पाहतात. ज्या तंतूसाठी हा खटाटोप करायचा, तो बहुतेक सगळा दाण्यातच राहतो. पाण्यात त्यातला थोडा चिकटपणा आणि कडवटपणा उतरतो, एवढेच. दाणे चावून खाणे जमत नसेल तर ते वाटून जेवणातल्या एखाद्या ओलसर पदार्थात मिसळावेत.

उपाशीपोटी घेण्याचा आग्रहही मला अनाठायी वाटतो. तंतू अन्नातली साखर अडवून धरतो, तेव्हा तो अन्नासोबतच असायला हवा. मेथीच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात चरबी काढलेली मेथीपूड दिवसाला तब्बल १०० ग्रॅम, दोन समान भागांत, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात दिली होती. रुग्ण मोजकेच होते आणि काळ अवघा दहा दिवसांचा होता. याच अभ्यासाचा दाखला देत उपाशीपोटी चमचाभर मेथीचे पाणी पिणाऱ्यांनी तो वाचलेला नसतो, हे उघड आहे.

‘चमचा’ हे माप नव्हे

चहाचा एक सपाट चमचा मेथीदाणे साधारण पावणेचार ग्रॅम भरतात आणि मोठा चमचा अकरा ग्रॅमच्या आसपास जातो. शिगोशीग भरला तर आणखी वाढतो. त्यामुळे ‘दोन चमचे’ म्हणजे सात ग्रॅम की पंचवीस, हे विचारल्याशिवाय कळत नाही. मी छोट्या वजनकाट्यावर एकदा मोजायला सांगते आणि पुढे तोच एक चमचा मेथीच्या डब्यात कायमचा ठेवायला लावते.

सुरुवात पहिला आठवडाभर रोज अर्ध्या लहान चमच्याने करावी. पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे खाल्ले तर पोट फुगते, गुरगुरते, जुलाब होतात, आणि मग ‘मला मेथी सोसत नाही’ असा निकाल दिला जातो. कोरडी पूड तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिण्याचा आडमार्ग तर कोणीच धरू नये. घाईत मी तो एकदा धरला होता. पूड घशाशी भिजून तिचा गोळा झाला, आणि पुढची काही मिनिटे मी सिंकशी वाकून खोकत होते. वृद्धांच्या आणि गिळायला त्रास असलेल्यांच्या बाबतीत हे गमतीत काढण्यासारखे नाही. शिवाय हाच चिकटपणा तोंडावाटे घेतलेल्या इतर औषधांचे शोषणही लांबवू शकतो, म्हणून गोळ्या आणि मेथी यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास ठेवलेले बरे.

थोडक्यात सांगता येतील अशा चुका

गर्भारपणात पदार्थातली मेथी चालते, पण पूड, काढे आणि कॅप्सूल घेऊ नयेत. मोठ्या मात्रेने गर्भाशयाचे आकुंचन होण्याची भीती असते. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन ही गोळी घेणाऱ्यांनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी चाचणी) तपासल्याशिवाय मेथीदाण्यांचा नेम धरू नये, आणि मेथीच्या पाल्यात इतर हिरव्या पालेभाज्यांप्रमाणे के जीवनसत्त्व असते, म्हणून पालाही एकदम वाढवू वा तोडू नये. भुईमूग किंवा हरभरा सोसत नसेल तर मेथीही सोसेलच असे नाही, कारण ही सगळी एकाच शेंगवर्गातली मंडळी आहेत. पुरुषी जोम वाढवण्याची हमी देणाऱ्या मेथीच्या कॅप्सूलबद्दल माझे मत एवढेच, की ज्या डबीवर अर्काची मात्रा धड लिहिलेली नाही ती विकतच घेऊ नये. अंगावरचे दूध वाढण्यासाठी मेथीचा पुरावा कच्चा आहे. बाळ नीट अंगाला लागते आहे की नाही हे पाहणे आधी.

मोड आलेली मेथी कच्ची खाणाऱ्यांनी २०११ साल लक्षात ठेवावे. त्या वर्षी जर्मनीत ई-कोलाय जिवाणूच्या ओ१०४:एच४ या प्रकाराची मोठी साथ आली, पन्नासहून अधिक माणसे दगावली, आणि माग काढता काढता संशय इजिप्तमधून आयात झालेल्या मेथीबियांच्या एका साठ्यावर जाऊन थांबला. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही तेवढीच मानवते. मोड आलेली मेथी मी शिजवूनच खाते.

राहिला वासाचा प्रश्न. मेथी नेमाने घेतली की घामाला आणि लघवीला जळक्या साखरेसारखा गोडसर वास येतो. तो सोटोलोन या संयुगाचा असतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. फक्त बाळंतपणाच्या आसपास आईने मेथी घेतली असेल तर नवजात बाळाच्या लघवीलाही तोच वास येऊ शकतो, आणि मेपल सिरप युरिन डिसीझ या दुर्मिळ जन्मजात आजाराची खूणही नेमका असाच वास हीच असल्यामुळे डॉक्टर धास्तावून तातडीच्या तपासण्या सांगतात. आईने मेथी घेतल्याचे बाळाच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे, न विचारताच.