सीबीसी अहवालातील न्यूट्रोफिल कसे वाचावेत

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या संपूर्ण मोजणीचा, अहवाल हाती आला, की न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या टक्केवारीवर नजर जाते आणि ती ८० असेल तर घरात काळजी सुरू होते. मात्र नुसत्या टक्केवारीवरून निष्कर्ष काढू नये. एकूण पांढऱ्या पेशींच्या संख्येला त्या टक्केवारीने गुणून १०० ने भागावे. प्रौढांमध्ये ही प्रत्यक्ष संख्या दर मायक्रोलिटरला साधारणपणे २,००० ते ७,००० असते. एकूण पेशी ५,००० आणि न्यूट्रोफिल ८० टक्के असतील, तर उत्तर ४,००० येते, म्हणजे संख्या प्रमाणातच आहे. लहान मुलांना प्रौढांचे माप लावू नये.

संख्या खरोखर वाढलेली असेल, तर स्टेरॉइड चालू आहे का, हे आधी आठवावे. या औषधाने रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल प्रवाहात उतरतात आणि संसर्ग नसतानाही आकडा चढतो. धूम्रपान आणि गरोदरपण यांमुळेही तो वाढतो. त्यानंतर रक्ताच्या काचपट्टीवरील शेरा वाचावा. बँड पेशी (अपक्व न्यूट्रोफिल) वाढल्याची किंवा पेशींत गडद कण दिसल्याची नोंद असेल, तर अस्थिमज्जा घाईने अपक्व पेशी पाठवत असण्याची शक्यता असते. मला हा शेरा टक्केवारीपेक्षा अधिक बोलका वाटतो.

तरीही रक्तातील संख्या म्हणजे सक्रियता नव्हे. न्यूट्रोफिलचे खरे काम ऊतींमध्ये चालते: तेथे ते जंतू गिळतात, विकरे (एन्झाइम) सोडतात आणि प्रसंगी स्वतःच्या डीएनएचे जाळे बाहेर फेकतात, ज्याचे वर्णन बर्लिनमधील संशोधकांनी २००४ मध्ये केले. हीच शस्त्रे शरीरालाही पोळतात. गाउट या सांधेदुखीच्या आजारात सांध्यात एकही जंतू नसतो. यूरेटच्या (यूरिक आम्लाच्या क्षाराच्या) स्फटिकांवर न्यूट्रोफिल तुटून पडतात, म्हणूनच पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजतो आणि त्यांची हालचाल रोखणारे कोल्चिसिन हे औषध तेथे उपयोगी पडते. अशा वेळी सीबीसी सामान्य असूनही सांध्यातील द्रव न्यूट्रोफिलने भरलेला असू शकतो, म्हणून दुखणाऱ्या जागेची माहिती डॉक्टरांना अहवालासोबतच द्यावी.

सर्वांत अधिक जपावे ते कमी आकड्याला. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले, तर पू आणि लाली निर्माण करणाऱ्या पेशीच उरत नाहीत, त्यामुळे गंभीर संसर्गातही ताप हे एकमेव लक्षण असू शकते. अशा रुग्णाला ताप येताच, रात्र असली तरी, थेट रुग्णालयात न्यावे.