चमच्यापासून बनवा माशांसाठी धातूचं आमिष

पाण्यातून ओढला की घायाळ मासोळीसारखा लटपटणारा चकचकीत धातूचा तुकडा, म्हणजे 'स्पून'. शिकारी मासा त्याची चमक आणि चाल बघून झडप घालतो. अमेरिकेत ज्यूलिओ ब्यूएलने १८५२ मध्ये अशा आमिषाचं पेटंट घेतलं. हातातला चमचा तळ्यात पडला आणि माशाने तो लगेच पकडला, त्यावरून त्याला हे सुचलं अशी आख्यायिका आहे. म्हणजे चमच्यापासून सुरुवात करण्यात आपण काही वावगं करत नाही. फक्त घरातला चमचा विचारून घ्या.

पहिल्यांदा करणाऱ्याने शक्यतो पितळी चमचा घ्यावा, तो मऊ असतो. स्टीलचा टिकतो, पण भोक पाडताना घाम काढतो. पातळ चमचा पाण्यात जास्त नाचतो. जाड चमचा लांब फेकता येतो आणि लवकर बुडतो.

चमचा शिकंज्यात (टेबलाला बसवलेल्या व्हाइसमध्ये) पकडून दांडा लोखंड कापायच्या करवतीने मुळापाशी कापा आणि कड कानशीने गोल करा.

आता भोकं, आणि खरी मेहनत इथेच आहे. दोन्ही टोकांना, कडेपासून साधारण ४ मिमी आत, पंच आणि हातोडीने खूण करा. खूण नसेल तर ड्रिल घसरतं. आधी २ मिमीचं भोक, मग ३ मिमीचं. स्टील असेल तर वेग कमी ठेवा, दाब नीट द्या आणि तेलाचा थेंब सोडत राहा. वेगाने फिरवलं तर स्टील तापतं, आणखी कडक होतं आणि ड्रिलची धार जाते. चमचा हातात मुळीच धरू नका. भोक आरपार पडायच्या क्षणी ड्रिल अडकतं आणि चमचा पंख्यासारखा गरकन फिरतो. मी एकदा 'एवढ्याशासाठी कशाला शिकंजा' म्हटलं. अंगठ्यावरची खूण अजून आहे. गॉगलही लावा.

भोकांच्या कडा दोन्ही बाजूंनी साफ करा. मग ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा आणि शेवटी धातूचं पॉलिश लावा. पितळ काळं पडू नये म्हणून वरून पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात पुरतो.

दोन्ही भोकांत स्प्लिट रिंग, म्हणजे किल्ल्यांच्या छल्ल्यासारखी दुहेरी वेटोळ्याची छोटी कडी, घाला. चमच्याच्या टोकाकडच्या निमुळत्या बाजूला दोरी, दांड्याकडच्या रुंद बाजूला तीन तोंडी गळ. गळ फार जड घेतला तर चमचा नाचायचाच थांबतो. दोरी आणि रिंग यांच्यामध्ये स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती मोकळा फिरणारा छोटा जोड, हवाच, नाहीतर दोरीला पीळ बसतो.

थेट तळ्यावर जाण्याआधी पाण्याने भरलेल्या टबात ओढून बघा. चमचा डावी-उजवीकडे डुलला पाहिजे. नुसताच गरगर फिरत असेल तर खोलगटपणा जास्त आहे. गळ काढा, चमचा फडक्यात गुंडाळा, लाकडावर ठेवून हलक्या हाताने थोडा सपाट करा. काठीसारखा सरळ येत असेल तर गळाकडचं टोक पकडीने किंचित उलट दिशेला वाकवा, म्हणजे बाजूने बघितल्यावर इंग्रजी 'एस'सारखा बाक दिसेल. एका वेळी अगदी थोडंच वाकवा. धातू पुन्हा पुन्हा वाकवला की तिथेच तुटतो.